बुरुजाखालचं जातं

युरोपातला मध्ययुगीन किल्ला म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं. डोंगरकड्यावर पांढऱ्या भिंती, आभाळात घुसलेले निमुळते निळे मनोरे, खिडकीत राजकन्या आणि खाली घोड्यावर चिलखतातला सरदार. हे चित्र बऱ्याच अंशी एका खऱ्या इमारतीवरून आलं आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने बांधायला घेतलेला नॉयश्वानश्टाइन. डिस्नेलँडमधला 'स्लीपिंग ब्यूटी'चा किल्लाही त्याच्याचवरून सुचलेला. गंमत अशी, की या किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये. म्हणजे मुंबई–ठाणे आगगाडी सुरू होऊन तोवर १६ वर्षं झाली होती! त्याची पहिली चित्रं काढली ती नाटकाचे देखावे रंगवणाऱ्या एका कलावंताने. आत नळाचं पाणी होतं, खोल्या गरम ठेवायची यंत्रणा होती. थोडक्यात, आपण ज्याला मध्ययुग समजतो तो एकोणिसाव्या शतकातल्या एका हौशी राजाचा रंगमंच आहे.

दुसरं चित्र याच्या बरोबर उलटं. चिखल, प्लेग, अंधार, क्रूर सरदार, चेटकिणी जाळणारे पाद्री. हे चित्र वेबसिरीज बघून बघून आपल्या डोक्यात पक्कं झालंय. त्यातही घोळ आहेच. चेटकीण ठरवून बायकांना मारण्याचा मोठा कहर झाला तो मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकात, छापखाने आले, शेक्सपिअर आला, त्या काळात. सरदाराला गावातल्या प्रत्येक नवरीवर पहिल्या रात्रीचा कायदेशीर हक्क होता, ही गोष्टही सिनेमावाल्यांची फार आवडती. तिला धड पुरावा नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मुलीचं लग्न करायचं तर कुळाने मालकाला पैसे भरायचे आणि त्याची वहीत नोंद व्हायची. खरा जुलूम असा हिशेबी, दरवर्षीचा आणि कंटाळवाणा होता. त्यामुळे त्याच्यावर सिनेमा निघत नाही.

मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं असं आहे, की ही दोन्ही चित्रं एकाच ठिकाणाहून काढलेली आहेत. दोन्हीत आपण बुरुजावर उभे आहोत आणि खाली बघतो आहोत. एकाला खाली हिरवळ दिसते, दुसऱ्याला चिखल. पण खालचा माणूस दोन्हीकडे ठिपक्याएवढाच. मध्ययुग खरंच समजून घ्यायचं असेल तर बुरुजावरून उतरून जात्यापाशी बसायला हवं. जातं म्हणजे अक्षरशः जातं, दळायचं. ते का, हे पुढे येईलच.

आधी शब्दाचं बघू. 'कॅसल'ला आपण मराठीत सरसकट 'किल्ला' म्हणतो आणि तिथूनच गडबड सुरू होते. किल्ला म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, प्रतापगड आठवतो, दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरं मातीचे करतात ते आठवतात. आपल्या मनात किल्ला म्हणजे राज्य, स्वराज्य, लढाई. राजाचेही कॅसल असायचे, पण कॅसल हा प्रकार मुळात एका मालकाचं तटबंदी घातलेलं घर. त्यातच त्याची कचेरी, त्यातच कोठार, त्यातच न्यायनिवाडा. या अर्थाने तो आपल्या देशमुखी गढीच्या जास्त जवळचा. 'गढी' हा शब्द वापरून बघा, लगेच चित्र बदलतं. गढी म्हटलं की आपण आपोआप विचारतो, कुणाची? आणि वसूल किती गावांचा? किल्ल्याला हे प्रश्न आपण विचारत नाही.

आता इंग्लंडकडे जाऊ, कारण तिथली कागदपत्रं सगळ्यात चांगली टिकली आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, सगळ्या मुलखाची मोजदाद करवली. तिला लोक पुढे डूम्सडे बुक म्हणायला लागले, म्हणजे कयामतच्या दिवसाची वही, कारण तिच्यावर अपील नाही. या वहीत एक फार कोरडी नोंद पुन्हा पुन्हा येते. लिंकन शहरात किल्ल्यासाठी १६६ घरं गेली. केंब्रिजमध्ये २७ घरं गेली. ती माणसं कुठे गेली, हे वही सांगत नाही, कारण घर गेलं म्हणजे कर गेला एवढ्यापुरतीच तिला काळजी. पण आज लिंकनच्या किल्ल्यावर फोटो काढणाऱ्याच्या पायाखाली १६६ चुली आहेत, हे तरी आपल्याला त्या वहीमुळे कळतं.

दोनशे वर्षांनंतरचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकलं आणि तिथे किल्ल्यांची साखळी उभी केली. कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख, ब्यूमॅरिस. १९८६ पासून हे चारही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि ते देखणे आहेत यात शंकाच नाही. कॉन्वीच्या जागी आधी सिस्टर्शियन संन्याशांचा मठ होता. वेल्सचा थोर राजा लुवेलिन तिथे पुरलेला. एडवर्डने मठच उचलून दुसरीकडे नेला आणि त्या जागेवर आपले बुरूज चढवले. ब्यूमॅरिससाठी तर लान्वाइस हे नांदतं वेल्श गाव हलवलं. तिथल्या लोकांना सुमारे २० किलोमीटर दूर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्या वस्तीचं नाव पडलं न्यूबरो, म्हणजे नवं गाव. नावही किती सोज्वळ! धरणग्रस्तांच्या वसाहतींची नावं ज्यांनी वाचली आहेत त्यांना यातलं सगळं कळेल.

याच ब्यूमॅरिसहून २७ फेब्रुवारी १२९६ रोजी मुख्य गवंडी मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज आणि त्याचा कारकून यांनी राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. इतका पैसा जातो कुठे, असं वरचे विचारतात म्हणून त्यांनी हिशेबच दिला. ४०० गवंडी, २००० साधे मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार, शिवाय सुतार. १०० गाड्या, ६० मोठे गाडे, ३० होड्या. आठवड्याला निदान २५० पाउंड लागतील, असं ते कळवतात. आणि पुढे जे आहे ते कुठल्याही साइटवरच्या मुकादमाने लिहावं तसं आहे. मजुरी थकली आहे, माणसांपाशी खायला काही नाही, त्यामुळे त्यांना कामावर टिकवणं फार कठीण झालंय. जगातल्या सगळ्यात सुंदर आखलेल्या किल्ल्यांपैकी हा एक. तो कधी पुरा झालाच नाही. १३३० च्या सुमाराला काम थांबलं तोवर जवळपास १५००० पाउंड खर्च झाले होते. त्या पत्रातली भुकेली माणसं मला त्या बुरुजांपेक्षा जास्त मध्ययुगीन वाटतात.

आणि एवढ्या अवाढव्य किल्ल्यात राहायचं तरी कोण? कॉन्वीच्या किल्ल्यासाठी शांततेच्या काळात ठरवलेली शिबंदी होती ३० माणसांची. त्यातले १५ धनुर्धारी. एक धर्मगुरू, एक सुतार, एक गवंडी, एक लोहार असे मोजके लोक. हजारो मजुरांनी बांधलेल्या वास्तूत तीसच माणसं! कारण किल्ल्याचं रोजचं काम लढाई हे नव्हतंच. तो डोळ्यांसमोर असणं, हेच त्याचं काम. शेतात वाकलेल्या माणसाने मान वर केली की तो दिसला पाहिजे.

त्या वाकलेल्या माणसाचं आयुष्य कसं होतं? इंग्लंडमध्ये त्याला व्हिलन म्हणायचे. होय, तोच शब्द. मूळ अर्थ गावकरी, मळ्यावरचा माणूस. वरच्या लोकांनी तो इतक्या तुच्छतेने वापरला की पुढे त्याचा अर्थ खलनायक असा झाला. भाषेच्या विद्यार्थ्यांनी यावर जरा थांबायला हरकत नाही. हा माणूस गुलाम नव्हता. त्याच्याकडे जमिनीचा तुकडा असायचा, घर असायचं, गावच्या रूढीने दिलेले काही हक्कही असायचे. पण तो गाव सोडून जाऊ शकत नव्हता. आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात वेठ, सुगीत त्याहून जास्त. मुलीच्या लग्नाला पैसे भरायचे. घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाकडे जायचं आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या खालचं जनावर चर्चकडे. पिकाचा दहावा भाग चर्चला, तो वेगळाच. म्हणजे ज्या आठवड्यात घरात रडारड, त्याच आठवड्यात गोठा रिकामा.

आणि मग दळण. मालकाने ओढ्यावर पाणचक्की बांधलेली असायची आणि गावाने धान्य तिथेच दळून आणायचं असा नियम. दळणाच्या बदल्यात धान्यातला हिस्सा कापला जायचा, कुठे सोळावा, कुठे चोविसावा. घरी जात्यावर दळलं तर दंड. मध्ययुगीन गावांच्या कचेरीच्या वह्यांत या दंडांच्या नोंदी सापडतात. अमक्या बाईने घरी दळलं, इतके पेनी.

इथे मी मुद्दाम मराठी वाचक म्हणून बोलते. इंग्रजीतल्या पुस्तकात 'हातजात्यांवर बंदी' हे वाक्य वाचणाऱ्याला तो एक कर वाटतो. आपल्याला तसं वाटू शकत नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपली भाषा म्हणते. आपल्या वाङ्मयाचा केवढा मोठा भाग जात्यापाशी जन्मला, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. आपल्या आज्या-पणज्यांची पहाट तिथे गेली. माहेर, सासर, देव, भाऊ, सगळं त्या घरघरीत मिसळून गेलं. म्हणून कुणाच्या घरातून जातं उचलून नेणं म्हणजे काय, हे समजायला आपल्याला तळटीप लागत नाही.

अर्थात दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. मार्क ब्लॉक हा फ्रेंच इतिहासकार, ज्याला १९४४ मध्ये नात्झींनी गोळ्या घालून मारलं, त्याने १९३५ मध्ये पाणचक्कीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पाणचक्की हे चांगलं यंत्र होतं, त्याने माणसाचे, विशेषतः बायकांचे, कष्ट वाचवले हे त्यातून कळतंच. तासन् तास दळण्यात काही काव्य नसतं, हात भरून येतात. मग लोक जात्याला चिकटून का राहिले? कारण यंत्राला कुणाचा विरोध नव्हता. विरोध होता सक्तीला आणि तोलताना होणाऱ्या चोरीला. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला चक्कीवाला आठवा, धान्य चोरण्यात पटाईत आणि ठरल्याच्या तिप्पट हिस्सा कापणारा. वाचताना आपण हसतो. चॉसरचे श्रोतेही हसले असतील, पण ते बहुतेक स्वतःचं पोतं घेऊन रांगेत उभे राहणारे नव्हते.

आता एक मोठा आक्षेप. सरदार वेठ घ्यायचा खरा, पण बदल्यात संरक्षण द्यायचा ना? ही कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या लाँ शहराचा बिशप अडाल्बेरो याने समाजाचे तीन भाग सांगितले. एक प्रार्थना करणारे, दुसरे लढणारे, तिसरे कष्ट करणारे. तिघे एकमेकांना धरून, कुणाचं कुणावाचून चालत नाही. पाठ्यपुस्तकात हा त्रिकोण फार नीटस दिसतो. कधी कधी तो खराही ठरला असेल. धाड आली आणि लोक गुरंढोरं घेऊन तटाच्या आत शिरले, असं घडत होतं. पण खरी परीक्षा आली की त्रिकोण कुठून मोडतो, ते शातो गायारच्या वेढ्यात दिसतं.

शातो गायार हा नॉर्मंडीत सीन नदीवरचा किल्ला, सिंहहृदयी रिचर्डने ११९६ ते ११९८ एवढ्या थोड्या काळात उभारलेला. रिचर्ड गेल्यावर १२०३ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने त्याला वेढा घातला. खालच्या गावातले लोक बायकामुलांसह किल्ल्यात आश्रयाला आले होते. वेढा लांबला, धान्य कमी पडायला लागलं, तेव्हा किल्लेदार रॉजर द लेसी याने त्यांना बाहेर काढलं. पहिल्या तुकड्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं. नंतरच्यांना मात्र अडवलं. ती माणसं परत फिरली तर किल्ल्याचं दार बंद. मग भर हिवाळ्यात, तट आणि वेढा यांच्यामधल्या उघड्या उतारावर, ती अडकून पडली. पुष्कळ जण भुकेने मेले. शेवटी फिलिपने उरलेल्यांना वाट दिली. अशा लोकांसाठी त्या काळच्या लष्करी भाषेत एक शब्दप्रयोग होता, 'निरुपयोगी तोंडं'. पिकवताना उपयोगी असलेली तोंडं खायची वेळ आली की निरुपयोगी! एवढं करूनही मार्च १२०४ मध्ये किल्ला पडलाच.

बरं, खालची माणसं हे सगळं मुकाट सोसत होती, असंही नाही. १३४८ नंतर काळ्या प्लेगने इंग्लंडमधली एक तृतीयांश ते निम्मी माणसं नेली. काम करणारे हात कमी झाले, मजुरी वाढायला लागली. तर १३५१ मध्ये कायदा झाला की मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानेच द्यायची आणि घ्यायची. जास्त मागणारा गुन्हेगार. पुढे १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसेक गावांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी पैसे गोळा केले आणि डूम्सडे बुकातल्या आपापल्या गावाच्या नोंदीची सरकारी नक्कल काढून घेतली. आमचं गाव पूर्वी थेट राजाचं होतं, म्हणून आमच्यावर ही वेठ लागत नाही, असा त्यांचा दावा. ज्या वहीने लिंकनची १६६ घरं एका ओळीत संपवली, तीच वही अक्षरशत्रू समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनी हक्कासाठी पुढे केली. दावे टिकले नाहीत. पण कागदाची ताकद त्यांना कळली होती. म्हणूनच १३८१ मध्ये डोईपट्टीवरून बंड पेटलं तेव्हा गावोगाव पहिली होळी झाली ती मालकांच्या वह्यांची.

त्या जूनमध्ये बंडखोर लंडनमध्ये शिरले. १४ जूनला ते टॉवर ऑफ लंडनमध्ये घुसले. विल्यमच्या काळापासूनचा, देशातला सगळ्यात भक्कम किल्ला. वेढा नाही, शिड्या नाहीत, आत सैनिक असून फारसा प्रतिकारच झाला नाही. कँटरबरीचे आर्चबिशप सायमन सडबरी, जे राजाचे चॅन्सेलरही होते, त्यांना ओढून बाहेर आणलं आणि शिरच्छेद केला. मला बंडखोरांना संत बनवायचं नाही. त्याच दिवसांत लंडनमध्ये राहणाऱ्या फ्लेमिश परदेशी लोकांना केवळ परके म्हणून शोधून शोधून मारलं गेलं. दुबळ्याच्या हातात कोयता आला की तो आपल्याहून दुबळ्यावरही चालतो. हे वाईट आहे आणि हेही मध्ययुगच आहे.

पण त्याच आठवड्यात सेंट ऑल्बन्सला जे घडलं, त्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. तिथला मालक सरदार नव्हता, मठ होता. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता. लोहाराचा मुलगा, बुद्धीने विलक्षण. ग्रहताऱ्यांच्या गती दाखवणारं घड्याळ त्याने रचलं, त्याबद्दल विज्ञानाच्या इतिहासात आजही त्याचं नाव आदराने घेतात. याच माणसाने गावकऱ्यांची हातजाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या भेटीच्या दालनात फरशीसारखे बसवून घेतले. म्हणजे मठात काही मागायला आलेल्या गावकऱ्याने आपल्या आईच्या जात्यावर उभं राहून मागायचं.

१३८१ मध्ये विल्यम ग्रिंडकॉबच्या पुढारीपणाखाली गावकरी मठात शिरले आणि त्यांनी ती फरशी उखडली. दगड फोडले आणि एकेक तुकडा एकेकाला वाटला. हे लिहून ठेवलं ते त्याच मठातल्या थॉमस वॉल्सिंगम या संन्याशाने, आणि तो बंडखोरांचा कट्टर विरोधक. तरी त्याला तुलना सुचली ती एकच. रविवारी धर्मग्रामात आशीर्वादित पाव वाटतात तसं. हा पाव म्हणजे कम्युनियन नव्हे. मिस्सा झाल्यावर सगळ्यांना तुकडा तुकडा द्यायचा तो प्रसाद. आपल्यातल्या जे मिस्साला जातात त्यांना मला जास्त सांगायला नको. आणि जे देवळातून हातावर प्रसाद घेऊन निघतात त्यांनाही नको.

एका कॅथलिक मुलीने हे वाचून काय करायचं? एक सोपी वाट अशी, की ते जुन्या काळातलं, आता विसरा. दुसरी सोपी वाट म्हणजे चर्च कायम जुलमीच होतं, असं म्हणून मोकळं व्हायचं. दोन्ही मला पटत नाहीत. कारण त्याच बंडात जॉन बॉल होता आणि तोही धर्मगुरूच. आदाम जमीन खणत होता आणि एवा सूत कातत होती तेव्हा मालक कोण होता, असं तो प्रवचनात विचारायचा. त्याला १५ जुलै १३८१ रोजी सेंट ऑल्बन्समध्येच, राजाच्या डोळ्यांदेखत, हालहाल करून मारलं. ग्रिंडकॉबलाही फाशी दिलं. राजाने दिलेली मुक्तीची पत्रं रद्द झाली. म्हणजे जाती जप्त करणारा मठाधिपती चर्चचा, मारला गेलेला आर्चबिशप चर्चचा, फाशी गेलेला फादर चर्चचा आणि दगडाचा तुकडा प्रसादासारखा हातात घेणारे शेतकरीही चर्चचेच. बायबल सगळ्यांचं एकच. आपली श्रद्धा आपल्याला आपोआप योग्य बाजूला नेऊन उभं करत नाही, बाजू आपल्यालाच निवडावी लागते, एवढं मी यातून शिकले. हे फक्त ख्रिस्ती लोकांना लागू आहे, असंही मला वाटत नाही.

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचं. कुणी म्हणेल, शेतकऱ्यांनी लिहिलं नाही, मग आम्ही वाचायचं काय? जे आहे तेच नीट वाचा, हे माझं उत्तर. १३८१ मध्ये चॉसर लंडनच्या ऑल्डगेट वेशीवरच्या घरात राहत होता. एसेक्सचे बंडखोर त्याच वेशीतून शहरात आले. आणि त्याच्या सगळ्या लेखनात त्या बंडाचा थेट उल्लेख येतो एकदा, तोही कोल्ह्याने कोंबडा पळवला तेव्हाच्या आरडाओरड्याला उपमा म्हणून, फ्लेमिश लोकांना मारतानाचा गोंगाट असा. 'कँटरबरी टेल्स'मध्ये पहिली गोष्ट सरदार सांगतो. नांगरटी करणारा शेतकरी त्या यात्रेत आहे, भला माणूस म्हणून त्याचं वर्णन आहे, पण चॉसरने त्याला गोष्टच दिली नाही. स्कॉटची 'आयव्हॅनहो' सुरू होते ती गळ्यात धातूचं कडं अडकवलेल्या डुकरं राखणाऱ्या गर्थपासून. परीक्षेत मात्र प्रश्न येतो घोडेस्वारांच्या झुंजींवर. म्हणजे लेखकाने जे दाखवलं तेही आपण बघत नाही, आणि जे गाळलं त्याबद्दल विचारत नाही.

यापुढे कुठलाही किल्ला वाचताना, पुस्तकातला असो की पडद्यावरचा, तीन प्रश्न विचारायचे, असं मी आपल्या मंडळाला सुचवते. हा बांधला कुणी आणि त्यांची मजुरी मिळाली का? आतलं पीठ कुणी दळलं? आणि वेढा पडला तेव्हा कुणाला बाहेर काढलं? हे प्रश्न शातो गायारला लागू पडतात आणि आपल्याकडच्या गढ्यांनाही. उत्तरं मिळणार नाहीत अशी भीती नको. डूम्सडे बुक, गवंड्याचं पत्र, कचेरीतल्या दंडाच्या वह्या, एका रागावलेल्या संन्याशाची बखर, यांतूनच तर वरची सगळी माणसं सापडली. त्यातली एकही नोंद त्यांच्या बाजूने लिहिलेली नव्हती. तरी त्यांत ती आहेत, कारण त्यांच्याशिवाय हिशेब लागत नव्हता.